पदवी स्वस्त, पुढची वर्षं महाग

२०२४ साली महाराष्ट्र सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा शिक्षणाचा भाव सरकारनंच तीन आकड्यांत लिहून दाखवला. प्रशिक्षणाला येणाऱ्या बारावी झालेल्या तरुणाला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,०००. म्हणजे बारावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदवीला महिन्याकाठी ४,००० रुपये जास्त. पदवी कोणत्या विषयाची, हे योजनेत कुणी विचारत नाही. संगणकशास्त्राची असो की राज्यशास्त्राची, विद्यावेतन तेच.

पुणे जिल्ह्यातल्या मावळात मात्र हा प्रश्न विचारला जातो, आणि तो घरातच विचारला जातो. बारावीचा निकाल लागला, की कामशेत, कान्हे, वडगाव, पवनानगर या भागांतल्या घरांमध्ये हिशेब सुरू होतो. एका बाजूला तळेगाव किंवा चाकणच्या एमआयडीसीतली कंत्राटी नोकरी, लोणावळ्यातलं हॉटेल नाहीतर चिक्कीचं दुकान. दुसऱ्या बाजूला कॉलेज. त्यात कला शाखा म्हटली, की "बीए करून काय होणार?" असं कुणीतरी वडीलधारं म्हणतंच. विषय राज्यशास्त्र असेल, तर "पुढारी व्हायचंय का?" अशी त्यात भर पडते. हे प्रश्न काळजीतून आलेले असतात आणि त्यांना टाळून चालत नाही. त्यांची उत्तरं आकड्यांत मांडता येतात. ती मांडली, की लक्षात येतं की लोक ज्या जागी खर्च शोधतात तिथं तो फारसा नाही, आणि जिथं आहे तिकडं कुणी बघत नाही.

आधी फी बघू. लोणावळ्यात विद्या प्रसारिणी सभेचं डॉ. बी. एन. पुरंदरे कला, गुप्ता वाणिज्य आणि मिठाईवाला विज्ञान महाविद्यालय आहे. तळेगाव दाभाड्यात इंद्रायणी महाविद्यालय आहे. अनुदानित कला शाखेत प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, त्यामुळे विद्यार्थ्याला भरावी लागणारी वर्षाची फी काही हजारांत राहते. विनाअनुदानित तुकडीत ती वाढते, म्हणून प्रवेश घेताना तुकडी कोणती आहे, हे विचारायलाच हवं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख.

प्रवासाचाही मोठा बोजा नाही. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलीला घर ते कॉलेज या मार्गाचा रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. मुलांना ही सवलत बारावीपर्यंत आहे, पुढे निम्म्या दरात पास. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा ही सगळी स्थानकं पुणे–लोणावळा लोकलच्या एकाच रुळावर आहेत. पवन मावळ किंवा आंदर मावळातल्या आतल्या गावातून येणाऱ्यांना एसटी धरावी लागते. विद्यार्थी पासाला तिथं ६६.६७ टक्के सवलत आहे. सकाळची एक एसटी चुकली, की दिवसभराच्या तासिका बुडतात, हा त्रास खरा आहे. पण तो पैशांचा नाही.

थोडक्यात, अनुदानित कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन बीए करण्यासाठी बँकेच्या दारात जायची वेळ सहसा येत नाही. खर्च आहे तो न मिळालेल्या पगाराचा. कंत्राटी कामाचे महिना १५,००० रुपये धरले, तर कॉलेजच्या तीन वर्षांत ५,४०,००० रुपये हातचे जातात. पदवीनंतर मिळणारा पगार बिनपदवीच्या माणसापेक्षा फक्त ४,००० रुपयांनी जास्त असेल, म्हणजे सरकारी योजनेतलाच फरक धरला, तर ही रक्कम भरून यायला १३५ महिने लागतात, सव्वा अकरा वर्षं. फरक १०,००० रुपयांचा असेल, तर ५४ महिन्यांत, साडेचार वर्षांत भरपाई होते. राज्यशास्त्राची पदवी परवडते की नाही, याचं उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठंतरी असतं.

कारखान्यातली नोकरी तरी पक्की असते का? तळेगावकरांना हे वेगळं सांगायला नको. जनरल मोटर्सनं तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबवलं आणि कायम कामगारसुद्धा रस्त्यावर आले. तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईनं केला २०२३ मध्ये. वेदांत–फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावात येणार अशी चर्चा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला गेला. तेव्हा पंधरा हजारांचा पगार वर्षानुवर्षं चालू राहील, असं धरून केलेला हिशेबही कच्चाच.

पण पदवीधराची वाटही सोपी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीच्या मानव विकास संस्थेनं २०२४ मध्ये भारतातल्या रोजगाराचा अहवाल काढला. त्यानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांमधला बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधला ३.४ टक्के. निरक्षर तरुण मिळेल ते काम धरतो, कारण थांबणं त्याला परवडत नाही. पदवीधर मनासारख्या कामाची वाट बघतो, आणि तोवर त्याला घर पोसतं. राज्यशास्त्राच्या पदवीचा सगळ्यात मोठा खर्च या थांबण्यातच दडलेला आहे.

कमाईच्या बाजूला काय आहे, ते आता पाहू. सरकारी नोकरीचे आकडे उघड असतात, म्हणून तिथून सुरुवात. पोलीस शिपाई व्हायला बारावी पुरते. मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून. तलाठ्याला पदवी लागते, २५,५००. पोलीस उपनिरीक्षक आणि मंत्रालयातला सहायक कक्ष अधिकारी ३८,६००, उपजिल्हाधिकारी ५६,१००. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता वेगळे. यांतल्या पदवीच्या जागांना कोणतीही पदवी चालते, राज्यशास्त्राला वेगळं झुकतं माप नाही.

शिक्षकी पेशाचं चित्र जास्त विचार करायला लावणारं आहे. कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायचं, तर एमए आणि बीएड दोन्ही हवेत: बारावीनंतर एकूण सात वर्षं. त्यानंतर नेमणूक मिळाली, तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन महिना २०,००० रुपये. जानेवारी २०२३ पर्यंत ते ९,००० होतं. सात वर्षं शिकलेल्या शिक्षकाची सुरुवात बारावी झालेल्या शिपायाच्या मूळ वेतनाच्याही खाली होते. ही गोष्ट राज्याला शोभणारी नाही, आणि अकरावीत विषय निवडणाऱ्या मुलाला ती आधीच माहीत असायला हवी.

महाविद्यालयातला सहायक प्राध्यापक ५७,७०० रुपयांच्या मूळ वेतनावर लागतो. नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही अनेकांना ती जागा मिळत नाही आणि तासिका तत्त्वावर शिकवावं लागतं. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. सुट्टीचे महिने कोरडे. याच वाटेवर एक चांगला थांबा आहे, ज्याची मावळात पुरेशी चर्चा होत नाही: नेटमधली कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ. जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनंतर ४२,०००. राज्यशास्त्र शिकण्यासाठीच पगार मिळावा, अशी ही सोय आहे, आणि तिच्यासाठी तारण लागत नाही की जामीनदार.

"पुढारी व्हायचंय का?" याचंही उत्तर आकड्यात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं सरपंचांचं मानधन दुप्पट केलं. दुप्पट झाल्यावर ते लोकसंख्येनुसार महिना ६,०००, ८,००० किंवा १०,००० रुपये झालं. गावच्या कारभाराची जबाबदारी घेणाऱ्या माणसाला कंत्राटी कामगाराइतकंही मिळत नाही. राजकारण हा पोटाचा धंदा धरून पदवी घेणं म्हणूनच चुकीचं ठरतं. शेती, दुकान, वकिली असा दुसरा आधार असलेल्यांनाच ते सरळ मार्गानं झेपतं.

आता मुख्य खर्चाकडे. मावळातली मुलं बीए झाल्यावर मोठ्या संख्येनं स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्याच्या पेठांकडे वळतात. सदाशिव, नारायण, नवी पेठ. खोली, मेस, अभ्यासिका, क्लास. महिना १०,००० ते १२,००० रुपये धरले, तर तीन वर्षांत ३,६०,००० ते ४,३२,०००. पदवीला जेवढे लागले, त्याच्या कित्येक पट पैसे पदवीनंतर जातात. आणि बँकेचं शैक्षणिक कर्ज मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला मिळतं. खोलीत बसून केलेल्या तयारीला नाही. मग पैसा येतो आईच्या दागिन्यांवरच्या कर्जातून, पतसंस्थेतून, बचत गटातून, भिशीतून, नाहीतर द्रुतगती मार्गाजवळचा एखादा गुंठा विकून. शैक्षणिक कर्जाला अभ्यासक्रम संपेपर्यंत आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्त्यांची सवलत असते. सोनेतारण आणि पतसंस्थेच्या कर्जाला ती नसते. परीक्षा पुढे गेली तरी व्याज थांबत नाही.

परीक्षा पुढे जातेच. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्व परीक्षा अगदी तोंडावर असताना पुन्हा पुढे ढकलली गेली, आणि ११ मार्चला पुण्यात शास्त्री रस्त्यावर हजारो मुलं उतरली. शेवटी २१ मार्चला परीक्षा झाली. त्या आंदोलनाच्या बातम्यांत राजकारणाची चर्चा पुष्कळ झाली, खोलीभाड्याची कमी. एकेका महिन्याचा उशीर म्हणजे एकेका घरातून दहा-बारा हजार रुपये.

स्पर्धा किती? २०२३ ची तलाठी भरती हे समजून घ्यायला पुरेसं उदाहरण आहे. जागा ४,६४४, अर्ज दहा लाखांहून अधिक. एका जागेमागं दोनशेहून जास्त उमेदवार. परीक्षाशुल्क खुल्या प्रवर्गासाठी १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गासाठी ९००. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं आहे. ही मर्यादा दिलासा म्हणून दिलेली आहे. प्रत्यक्षात तिच्यामुळे थांबायचं कधी, हे ठरवणं लांबत जातं. २१ व्या वर्षी पदवी, त्यानंतर "अजून एक प्रयत्न" म्हणत तिशी गाठलेली मुलं प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या हुशारीत कमी नसते. त्यांना थांबण्याची तारीख कुणी ठरवू दिलेली नसते.

याच ठिकाणी राज्यशास्त्राचा विद्यार्थी अलीकडे थोडा पुढे आला आहे. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या धर्तीवर वर्णनात्मक झाली. गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या १,७५० लेखी गुणांपैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाचे आहेत, आणि त्या विषयांत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध आहे. सामान्य अध्ययनातही राज्यघटना, शासनव्यवहार, परराष्ट्रधोरण यांना मोठी जागा. आधी एक तपाहून अधिक काळ मुख्य परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची होती. तेव्हा बीएचा अभ्यास आणि परीक्षेचा अभ्यास वेगवेगळा करावा लागे. आता कॉलेजच्या तीन वर्षांत नीट वाचलेलं आणि हातानं लिहून काढलेलं थेट उपयोगी पडतं. तयारी पदवीतच सुरू केली, तर पुण्यातल्या तीन वर्षांची दोन होऊ शकतात, आणि वाचलेलं वर्ष म्हणजे लाख-सव्वा लाख रुपये. लोणावळ्याहून लोकलनं दीड तासाच्या आसपास पुणं गाठता येतं. आठवड्यातले दोन दिवस क्लासला जाऊन उरलेले दिवस घरी अभ्यास करणं मावळातल्या मुलाला शक्य आहे. नांदेड-परभणीच्या मुलाला ते नाही. बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्था प्रवेश परीक्षेतून निवडलेल्यांना मोफत प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. पतसंस्थेत जाण्याआधी या संस्थांच्या जाहिराती बघायला हव्यात.

खरं शैक्षणिक कर्ज राज्यशास्त्राला लागतं ते दुसऱ्या वाटेवर. मावळच्या शेजारच्या मुळशी तालुक्यात लवळ्याला फ्लेम विद्यापीठ आहे. पुण्यात आणि दिल्लीजवळ अशी आणखी खासगी विद्यापीठं आहेत. तिथं सामाजिक शास्त्रं उत्तम शिकवली जातात, आणि फी वर्षाला काही लाख असते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांच्या वर मूर्त तारण मागितलं जातं. मावळात त्याचा अर्थ बहुधा सातबारा.

समजा, दर वर्षाच्या सुरुवातीला दोन लाख याप्रमाणे तीन वर्षांत सहा लाखांचं कर्ज उचललं. व्याज दहा टक्के, आणि हप्ते पदवीनंतर वर्षभरानं सुरू. तोवर सरळव्याजानंच १,८०,००० रुपये चढलेले असतात. फेडायची रक्कम ७,८०,०००. दहा वर्षांच्या मुदतीनं हप्ता येतो १०,३०० रुपयांच्या आसपास, आणि एकूण फेड सव्वा बारा लाखांच्या वर जाते. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये, असं धरलं, तर पहिल्या नोकरीचा पगार पन्नास हजारांच्या पुढे हवा. वरच्या यादीत एवढ्या मूळ वेतनाची पदं दोनच आहेत: उपजिल्हाधिकारी आणि सहायक प्राध्यापक. दोन्ही पदवीच्या दुसऱ्या दिवशी मिळत नाहीत. बीएसाठी एवढं कर्ज काढू नये, हे इथं स्पष्ट सांगायला हवं. विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळून फीचा मोठा भाग माफ होत असेल, तर हिशेब बदलतो आणि तेव्हा ती संधी सोडू नये.

सरकारी व्याजसवलतींवर फार भिस्त ठेवता येत नाही. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना हप्तेसवलतीच्या काळातलं पूर्ण व्याज माफ करणारी केंद्राची जुनी योजना व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांपुरती आहे. साधं बीए तिच्यात बसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे, उत्पन्नमर्यादा आठ लाख. पण ती निवडक दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्यांसाठी. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे प्रवेशाचे पैसे भरण्याआधी बघावं.

अमेरिकेत हा सगळा ताळा विद्यार्थ्याला घरबसल्या करता येतो. तिथलं शिक्षण खातं कॉलेज आणि विषय यांनुसार कर्ज किती झालं आणि पगार किती मिळतो, हे प्रसिद्ध करतं. २०२५ च्या कायद्यानं त्यापुढचं पाऊल टाकलं: ज्या अभ्यासक्रमाच्या पदवीधरांची कमाई तीनपैकी दोन वर्षं नुसत्या शाळा झालेल्यांपेक्षा कमी राहील, त्याला केंद्र सरकारी कर्ज बंद. आपल्याकडे सगळ्यात जवळची सोय म्हणजे राष्ट्रीय क्रमवारीसाठी, एनआयआरएफसाठी, कॉलेजांनी भरलेली माहिती. तिच्यात किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली, मध्यम पगार किती, किती जण पुढे शिकायला गेले, हे असतं. पण तीन वर्षांच्या सगळ्या पदव्या तिथं एकत्र मोजल्या जातात. बीकॉमच्या नोकऱ्यांमध्ये राज्यशास्त्राच्या मुलाचं काय झालं, ते हरवून जातं. विद्यापीठानं ठरवलं, तर विषयवार आकडे देणं अवघड नाही, आणि पालकांनी ते मागायला हवेत.

शिक्षणासाठी घेतलेल्या पैशाची एक मोठी गोष्ट मावळच्या मातीशी जोडलेली आहे. तळेगाव दाभाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बंगला आहे, आणि देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्यांची मुंबई विद्यापीठाची बीए १९१२ ची, विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. पुढे कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ४ जून १९१३ रोजी झालेल्या करारात अट होती: परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले. जातीमुळे राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून हाकललं गेलं, आणि नोकरी सोडून मुंबईला परतावं लागलं. कोलंबियातलं शिक्षण पूर्ण, पात्रता जगात कुठंही चालेल अशी, करारही स्वच्छ; तरीही कमाईचं दार समाजानं लावून घेतलं. पदवी आणि पगार यांच्या मध्ये गुणवत्तेखेरीज काय काय उभं असतं, हे यापेक्षा लख्ख कुठं दिसत नाही.

त्यानंतर त्यांनी केलेलं नियोजन आजच्या विद्यार्थ्यानं अभ्यासावं असं आहे. लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायचं होतं, पण ते लगेच कर्ज काढून गेले नाहीत. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, पगारातून बचत केली. १९२० मध्ये ती बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५,००० रुपये एवढ्या बळावर ते लंडनला गेले. मित्राच्या कर्जाआधी स्वतःची बचत होती, आणि शिक्षण मध्येच थांबलेलं असताना त्यांनी नोकरी केली होती. बीएनंतर दोन वर्षं काम करून मग एमए करणं आपल्याकडे खंड पडला म्हणून कमी लेखलं जातं. त्यात कमीपणा कसला?

कामासोबत शिकण्याच्या सोयीही आहेत. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळत बीए करता येतं.  तळेगावच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलाला या वाटेनं पदवी घेताना ५,४०,००० रुपयांचं नुकसान सोसावं लागत नाही, फक्त झोप कमी मिळते.

आणि या विषयाची मावळला गरज आहे का? ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना बंद जलवाहिनीच्या विरोधात द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, तीन जणांचा जीव गेला. धरणाचं पाणी, एमआयडीसीचं भूसंपादन, महामार्गाच्या कडेच्या जमिनी हे प्रश्न इथं पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती लागते. ही कलमं वाचून गावाला समजावणारा, माहिती अधिकाराचा अर्ज नेमका लिहिणारा, ग्रामसभेचा ठराव कायद्यात बसवणारा माणूस गावात असला, तर फरक पडतो. या ज्ञानाला पगार मिळण्याची रुळलेली वाट म्हणजे बीएनंतर तीन वर्षांचं एलएलबी. दिवाणी दावे, वारसनोंदी, खरेदीखतं यांचं काम जमिनीचे भाव चढलेल्या तालुक्यात कमी पडत नाही. पहिली काही वर्षं ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली तुटपुंज्या पैशावर काढावी लागतात, तेवढी धरून चालावं.

दुसरी वाट आकडेवारीची आहे. निवडणूक सर्वेक्षणं, सामाजिक संस्थांचे अभ्यास, वर्तमानपत्रांची विश्लेषणं यांत राज्यशास्त्राच्या मुलांना काम मिळतं. ज्याला सांख्यिकी आणि एक्सेल येतं, त्याला आधी मिळतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषयही निवडावा लागतो. राज्यशास्त्राला अर्थशास्त्र किंवा सांख्यिकीची जोड द्यायची की सोपा म्हणून एखादा विषय उचलायचा, यावर नोकरीच्या पहिल्या पगारातले काही हजार अवलंबून असतात, आणि या निवडीला फी लागत नाही.

पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत हे धोरण २०२४–२५ पासून लागू झालं. त्या वर्षी बीएला बसलेली तुकडी २०२७ मध्ये तिसरं वर्ष संपवेल, आणि पदवी घेऊन बाहेर पडायचं की चौथं, ऑनर्सचं वर्ष करायचं, हे तिला ठरवावं लागेल. तीन वर्षांनंतर एमए दोन वर्षांचं, चार वर्षांनंतर एक वर्षाचं, एकूण पाचच. नोकरी किंवा एलएलबी करायची असेल, तर चौथ्या वर्षाचा पगारात काही उपयोग दिसत नाही आणि एका वर्षाची कमाई मात्र जाते. संशोधनाकडे जायचं असेल, तर गोष्ट वेगळी आहे: चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील, तर एमएशिवाय थेट नेट देता येते, आणि जेआरएफ मिळाली, तर पीएचडीला प्रवेश घेतल्यावर महिना ३७,००० रुपये सुरू होतात. लोणावळा किंवा तळेगावच्या आपल्या कॉलेजात राज्यशास्त्राचं चौथं वर्ष निघणार आहे का, आणि त्याची फी अनुदानित दरानं असेल की विनाअनुदानित, हे कॉलेजच्या कार्यालयात दुसऱ्या वर्षातच विचारून ठेवता येतं.